मायलेकींच्या गाठी: वाणाला दोष देण्याआधी तपासणी करा

प्रश्न: आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. गोठ्यात चार गाई, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. थोरली सहा वर्षांची, तिसऱ्या वेताची, बेळगावकडून आणलेली. गणेश चवथीपासून तिच्या दोन्ही खांद्यांपुढे आणि मागच्या पायांच्या पुढच्या घडीत गाठी वाढल्या आहेत. दाबल्या तरी दुखत नाहीत. दूध अकरा लिटरांवरून सहावर आलं. खाते, पण अंग धरत नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, हिची आईही अशाच गाठींनी गेली. आता हिच्या चौदा महिन्यांच्या कालवडीच्या मानेवर आणि तोंडाभोवती खरखरीत गाठी उठल्यात. शेजारी म्हणतात वाणच सडका, दोघींना विकून टाका. त्यात परसातल्या तीन कोंबड्या पायाने लुळ्या पडून मेल्या, एकीच्या काळजावर पांढऱ्या गाठी होत्या. हे सगळं एकच आहे का? घरात लहान मुलं आहेत, या गाईचं दूध द्यावं का?

उत्तर: हे एक नाही, तीन निरनिराळे आजार दिसतात. तिन्ही जंतूंनी होणारे आहेत. एकालाही ‘वाण सडका’ म्हणता येणार नाही. गाईचं मात्र लांबणीवर टाकू नका. तिच्या गाठींचं नाव कळेपर्यंत तिला विकू नका, अंदाजाने कुठलंही इंजेक्शन देऊ नका, आणि तिला टोचलेली सुई दुसऱ्या जनावराला लावू देऊ नका.

आजी, आई, लेक अशा ओळीने गाठी निघाल्या की कुणाचंही मन वाणावरच जातं. युरोपातल्या गोपालकांनाही गाईंचा ल्युकोसिस हा रक्तकर्करोग ठरावीक घराण्यांत फिरताना दिसे आणि तो अनुवंशिक समजला जाई. १९६९ मध्ये अमेरिकेत त्यामागचा विषाणू सापडला आणि चित्र बदललं. आईकडून कालवडीला जनुकं मिळतात तशी इतरही पुष्कळ गोष्टी मिळतात: गर्भातला संसर्ग, चीक, तोच गोठा, त्याच माश्या, आणि लसीकरणाच्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांना लागलेली तीच सुई. घराण्यात दिसणारा आजार यातल्या कुठल्याही वाटेने आलेला असू शकतो, आणि वाट कळली तर ती बंद करता येते.

तुमच्या गाईच्या लक्षणांवरून पहिला संशय याच आजाराचा, म्हणजे बोव्हाइन ल्युकोसिसचा येतो. पण तो एकटाच संशयित नाही. आधी स्वतः हाताने पाहा. गाय शांत उभी असताना तिच्या मानेजवळ उभे राहा, चार बोटं जुळवून खांद्याच्या सांध्यापुढे, मान आणि खांदा मिळतो त्या खाचेत दाबा आणि पुढेमागे सरकवा. निरोगी गाईत तिथे बोटाएवढी लांबट, मऊसर लसिकाग्रंथी कातडीखाली सुळकन सरकते. ती मुठीएवढी, घट्ट रबरासारखी, थंड लागली आणि दुसऱ्या बाजूलाही तशीच असली, तर कर्करोगाचा संशय वाढतो. मग मागच्या पायाच्या गुडघ्यापुढे, कुशीखालच्या कातडीच्या घडीत तसंच चाचपा. गाठीची लांबी टेपने मोजून तारखेसकट लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा मोजा. सलग तीन सकाळी उन्हं चढण्याआधी गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप घ्या. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. डोळ्यांच्या आतली कातडी गुलाबी आहे की पांढुरकी, एखादा डोळा बाहेर आल्यासारखा वाटतो का, शेण डांबरासारखं काळं पडतं का, उठताना मागचे पाय लटपटतात का, हेही पाहा. ल्युकोसिसच्या गाठी डोळ्यामागे, जठरात, हृदयात, गर्भाशयात आणि मणक्याजवळही होतात. ही लक्षणं तिथून येतात.

ताप १०४ च्या वर, डोळे पांढुरके, अंगावर गोचीड, अशी जोडी दिसली तर थायलेरियाचा, म्हणजे गोचिडांतून रक्तात शिरणाऱ्या परजीवीच्या आजाराचा, विचार आधी करावा लागेल. संकरित गाईंना तो फार झोंबतो आणि त्यातही खांद्यापुढची ग्रंथी टरटरून फुगते. तीव्र थायलेरिया इतके आठवडे रेंगाळत नाही, म्हणून तुमच्या गाईत तो कमी संभवतो. तरी वगळायलाच हवा, कारण त्याला औषध आहे: बुपार्व्हाक्वोन, किलोला २.५ मिलिग्रॅम. ४०० किलोच्या गाईला मिलीला ५० मिलिग्रॅम अशा द्रावणाचे २० मिली, मानेच्या स्नायूत खोल, दोन जागी विभागून. ते डॉक्टरांनीच द्यायचं, आणि रक्त पाहिल्यावरच. (सत्तरीत गोचिडांचा विषय निघालाच आहे तर: रानात चरून आलेल्या गुरांच्या अंगावरचे गोचीड उघड्या हातांनी काढू नका. माकडताप याच वाटेने माणसांपर्यंत येतो, आणि तालुक्याने तो २०१५ पासून पाहिला आहे.)

तिसरा संशयित क्षय. त्यात ग्रंथी सुजतात, जनावर वाळतं, कधी खोकतं. त्यासाठी मानेच्या कातडीत ०.१ मिली ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूंपासून केलेला अर्क) टोचतात आणि ७२ तासांनी कातडीची जाडी पुन्हा मोजतात. ती ४ मिलिमीटर किंवा जास्त वाढली तर चाचणी होकारार्थी धरतात. मुलं दूध पितात म्हणून ही चाचणी टाळू नका. जबड्याखाली मऊ सूज असेल आणि बोटाने दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर ती गाठच नव्हे. पाणथळ शेतात चरणाऱ्या गुरांच्या पोटातल्या चपट्या कृमींमुळे तिथे पाणी साठतं. जबड्याच्या हाडालाच चिकटलेली, न हलणारी सूज म्हणजे बहुधा ॲक्टिनोमायकोसिस, हाडात शिरलेला जंतुसंसर्ग. एका बाजूची, गरम, दुखरी आणि मधोमध मऊ गाठ असेल तर तो गळू.

नमुने कसे घ्यायचे यावर सगळं अवलंबून आहे, आणि घोटाळेही इथेच होतात. डॉक्टरांना तीन गोष्टी मागा. जांभळ्या टोपणाच्या नळीत २ ते ३ मिली रक्त: त्यातून पांढऱ्या पेशींची मोजणी होते आणि काचपट्टीवर थायलेरिया शोधता येतो. नळी भरल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, नाहीतर रक्त गोठून नमुना वाया जातो. लाल टोपणाच्या नळीत ५ मिली: हे गोठू द्यायचं, वर आलेला सीरम वेगळा काढून ल्युकोसिसच्या एलायझा चाचणीला (ती रक्तातली प्रतिपिंडं शोधते) पाठवायचा. रक्त बर्फाच्या पिशवीसोबत पाठवा, पण फ्रीझरमध्ये ठेवू नका; पेशी फुटल्या की नमुना बाद. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे खुद्द गाठीचा नमुना. सुईने ओढलेल्या पेशींच्या तीन-चार काचपट्ट्या, हवेत वाळवून. शक्य असेल तर गाठीचा छोटा तुकडा, जाडी १ सेंटिमीटरपेक्षा कमी, त्याच्या दहापट १० टक्के फॉर्मालिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत. मोठा तुकडा थोड्या फॉर्मालिनमध्ये कोंबला की तो आतून कुजतो आणि प्रयोगशाळेतून ‘निदान शक्य नाही’ एवढंच उत्तर येतं.

रक्ताची चाचणी आणि गाठीची तपासणी दोन्ही का, ते समजून घ्या. ल्युकोसिसचा विषाणू अंगात असलेल्या शंभर गाईंपैकी पाचांपेक्षाही कमी गाईंना गाठी येतात, त्याही सहसा तीन वर्षांच्या वयानंतर. साधारण तीस गाईंच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात, पण गाय धडधाकट दिसते. उरलेल्यांत काहीच दिसत नाही. म्हणजे एलायझा होकारार्थी आली तरी समोरची गाठ विषाणूमुळेच आहे असं सिद्ध होत नाही. गाठ थायलेरियाची आणि विषाणू नुसताच मुक्कामाला, असंही होऊ शकतं. उलट, गाठ नाही म्हणून गाय स्वच्छ, असंही नाही. म्हणूनच चारही गाई आणि कालवड, सगळ्यांचं रक्त एकाच दिवशी तपासून घ्या. कालवड सहा महिन्यांच्या पुढची असल्यामुळे तिची एलायझा भरवशाची आहे. त्याहून लहान वासरात चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं चाचणीला चकवतात, तिथे थेट विषाणू शोधणारी पीसीआर लागते. नमुने तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवा. पुण्यात औंधला पश्चिम विभागाची पशुरोगनिदान प्रयोगशाळा आहे, आणि पुढची गरज पडली तर इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था.

एक धोक्याची सूचना. कुणी ‘गाठी विरघळवणारं’ म्हणून डेक्सामिथासोनसारखं स्टेरॉइड टोचायला निघालं तर थांबवा. कर्करोगाच्या गाठी त्याने काही दिवस आक्रसतात, गाय बरी झाल्यासारखी वाटते, आणि मग त्या दुप्पट जोमाने येतात. मधल्या काळात घेतलेला नमुना फसवा निघतो. गाठ थायलेरियाची किंवा क्षयाची असेल तर आजार बळावतो, आणि गाय शेवटच्या महिन्यांतली गाभण असेल तर गाभडते.

ल्युकोसिसचा कर्करोग ठरला तर त्यावर उपचार नाही आणि विषाणूवर प्रचलित लसही नाही. काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत गाय खंगत जाते. तिला पुन्हा भरवू नका, गोठ्याच्या टोकाला बांधा. तिला उठता येईनासं झालं की वेदनारहित मृत्यूबद्दल डॉक्टरांशी बोला. आठ-आठ दिवस पडून कुजू देणं ही माया नव्हे. मेल्यावर शवविच्छेदन करून घ्या आणि विहिरीपासून लांब, पावसात पाणी वर येत नाही अशा जागी सहा फूट खोल पुरा.

बाकीच्या गाई वाचवण्याचं काम मात्र संपूर्ण तुमच्या हातात आहे, कारण हा विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो आणि त्याला पुरणारं रक्त डोळ्यांना धड दिसणारही नाही इतकं थोडं असतं. १८ गेजच्या सुयांचा डबा स्वतः आणून ठेवा. लाळ-खुरकताची लस द्यायला माणसं आली की प्रत्येक जनावराला नवी सुई द्या. मागायला संकोचू नका, लस सरकारी असली तरी गाय तुमची आहे. स्पिरिटच्या बोळ्याने सुई पुसणं पुरत नाही. काचेची सिरिंज आणि जुन्या सुया वापरायच्याच असतील तर धुऊन वीस मिनिटं उकळा. गाभण तपासणीचा आणि कृत्रिम रेतनाचा लांब हातमोजा प्रत्येक गाईला वेगळा हवा. एकाच मोज्याने चार गाई तपासल्या तर आतल्या नाजूक कातडीतून आलेलं रक्त चौघींत वाटलं जातं. कानात बिल्ला मारायचं यंत्र दर वेळी जंतुनाशकात बुडवा. वासराची शिंगं पहिल्या महिन्यातच तापल्या लोखंडाने डागा, त्यात रक्त सांडत नाही. मोठेपणी करवतीने कापली की गोठाभर शिंपतं. गोऱ्ह्याचं खच्चीकरण बर्डिझोच्या, कातडी न कापणाऱ्या चिमट्याने करा. चावऱ्या माश्या रक्ताने माखलेलं तोंड घेऊन शेजारच्या गाईवर बसतात, म्हणून संशयित गाय आणि बाकीच्यांत जमेल तितकी मोकळी जागा सोडा आणि शेण रोज उचला. पाऊस ओसरल्यावरच्या उकाड्यात हे जास्त पाळावं लागतं.

चिकाचं काय, हा प्रश्न पुढच्या वेताला येईल. गर्भातच संसर्ग झालेली वासरं दहा टक्क्यांहून कमी असतात. बाकीच्यांना जन्मानंतर वाचवता येतं. होकारार्थी गाईचं वासरू लगेच वेगळं करा आणि नकारार्थी गाईचा चीक पाजा. तो नसेल तर आईचाच चीक ६० अंश सेल्सिअसला बरोबर एक तास, थर्मामीटर लावून, ढवळत तापवा. याने विषाणू मरतो आणि प्रतिपिंडं शिल्लक राहतात. ६३-६५ अंशांवर गेलात तर चीक घट्ट होतो आणि त्यातली शक्ती जाते. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, त्यातला पहिला भाग दोन तासांच्या आत, उरलेला सहा तासांच्या आत.

आता कालवड. तिच्या गाठी आईच्या गाठींपेक्षा मुळातच वेगळ्या आहेत: कातडीवर उगवलेल्या, राखाडी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या फुटलेल्या. या चामखिळी. पॅपिलोमा विषाणूने होतात, दोन वर्षांखालच्या जनावरांत जास्त, आणि काटेरी तार, गोचीड, दाव्याचं घासणं यांमुळे सोललेल्या कातडीतून शिरतात. बहुतेक एक ते बारा महिन्यांत आपोआप गळतात. म्हणूनच त्यांच्यावरचं प्रत्येक औषध गुणकारी वाटतं. वाढत्या अवस्थेत कापू नका, उरलेल्या जास्त फोफावू शकतात. तिचं दावं, म्होरकी, खरारा वेगळा ठेवा आणि खांबाला बाहेर आलेले खिळे ठोकून घ्या. गाठी सडांवर आल्या, तोंडात पसरून खाणं अडू लागलं किंवा वर्ष उलटूनही वाढतच राहिल्या, तर डॉक्टर तिच्याच गाठींपासून लस तयार करून घेऊ शकतात किंवा शस्त्रक्रिया करतात; आणि इतक्या टिकल्या तर तिची प्रतिकारशक्ती का कमी आहे ते शोधावं लागतं. लम्पीशी गल्लत करू नका: लम्पीत ताप येतो, गाठ कातडीच्या पूर्ण जाडीत बसलेली, गोल आणि चपटी असते, आणि खपली पडली की खळगा राहतो. केस गळालेले गोल पांढरट चट्टे असतील तर ते गजकर्ण, आणि ते मात्र मुलांना लागतं.

कोंबड्यांचा गाईशी संबंध नाही. दोन ते पाच महिन्यांच्या असतील, एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून पडल्या असतील, बुबुळ करडं झालं असेल, तर हा मारेकचा आजार. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये तो नोंदवला. विषाणू पिसांच्या कोंड्यातून हवेत जातो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. अंड्यातून तो जात नाही. अंड्यातून जातो तो वेगळा, एव्हियन ल्युकोसिस. तो चार महिन्यांपुढच्या कोंबड्यांत दिसतो, आणि त्यात पाय लुळे पडत नाहीत. आजारी कोंबडीला मारेकची लस देऊन उपयोग नाही. ती पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यायची असते. तीही गाठी टाळते, संसर्ग नाही. बाटली शेकडो मात्रांची, उघडल्यावर तास-दोन तासांत संपवायची, म्हणून परसातल्या दहा पिल्लांसाठी ती परवडत नाही. लस दिलेली पिल्लंच विकत घ्या, खुराड्यातला सगळा भुसा आणि धूळ काढून जाळा, आणि नवी पिल्लं पहिले काही आठवडे जुन्या कोंबड्यांपासून लांब वाढवा. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या तर हात न लावता आधी दवाखान्याला कळवा.

वाणाचा भाग मुळीच नसतो असं नाही. गाईच्या डीआरबी३ नावाच्या जनुकाचे काही प्रकार ल्युकोसिसच्या विषाणूला अंगात वाढू देत नाहीत. कोंबड्यांत बी२१ प्रकार मारेकला टक्कर देतो. डोळ्याचा कर्करोग तर पापणीच्या रंगाशी बांधलेला आहे आणि रंग वारशानेच येतो. डोळ्याभोवती पांढऱ्या असलेल्या एचएफ गाई जपायला हव्यात. आपली गोव्याची देशी श्वेतकपिला पापण्यांसकट पांढरी, तिच्याही डोळ्यांत महिन्यातून एकदा पाहावं. आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीवर तांदळाएवढा गुलाबी फोड दिसताच काढून घेतला तर डोळा वाचतो. लिंबाएवढा झाल्यावर डोळाच काढावा लागतो.

दुधाबद्दल: ल्युकोसिसचा विषाणू उष्णतेने मरतो आणि त्यामुळे माणसाला आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण क्षयाचा निकाल येईपर्यंत या गाईचं दूध मुलांना देऊ नका. बाकीच्या गाईंचं उकळी आल्यावर ढवळत चार-पाच मिनिटं उकळून द्या. धारोष्ण दूध कुणालाच नको. हिला प्रतिजैविक चालू असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस तिचं दूध सोसायटीच्या डब्यात जाऊ देऊ नका.

विकण्याबद्दल: कालवड मुळीच विकू नका. तिची एलायझा नकारार्थी आली तर ती तुमच्या गोठ्यातली चांगली गाय होऊ शकते, आणि होकारार्थी आली तरी वर सांगितलेली पथ्यं पाळून ती वर्षानुवर्षं दूध देऊ शकते. फक्त तिची धार सगळ्यात शेवटी काढा. थोरली आजारी आहे हे न सांगता विकणं म्हणजे तोच आजार दुसऱ्याच्या गोठ्यात पोचवणं. तुमच्यापर्यंतही तो बहुधा तसाच पोचला. नवी गाय आणाल तेव्हा पैसे देण्याआधी ल्युकोसिस, क्षय आणि ब्रुसेला (गाई गाभडवणारा जंतू) या तिन्ही चाचण्या करून घ्या, आणल्यावर महिनाभर वेगळी बांधा, आणि ल्युकोसिसची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण नुकत्याच झालेल्या संसर्गात पहिली चाचणी नकारार्थी येऊ शकते.